वरच्या गावातली पाहुणी

रविवार, ८ ऑक्टोबर

ताई,

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून नुसतं ताई. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान पत्ता चुकला तर परत येतं, तेवढं तरी कळतं.

आई ठीक आहे. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर माझं अक्षर बघूनच तुला वाटेल की काहीतरी झालं. तसं काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण काय झालंय ते माझ्या डोक्यात शिरत नाहीये. आणि विचारायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

मागच्या आठवड्यात जेवताना मी सहज बोलून गेलो की आमच्या लॅबचे मालक सुट्टीत डोंगरावरच्या राखीव उद्यानात जाऊन आले. (मी अजून तिथेच आहे. लोकांच्या कवळ्या बनवतो. तू हसायचीस त्याला, आता हसलीस तरी चालेल.) वर गिधाडं बघायला मिळतात, फिरायला आखलेल्या वाटा आहेत आणि एक जुनं गाव आहे. माणसं केव्हाच खाली उतरून गेली, घरं पडायला आली होती, ती आता उद्यानवाल्यांनी डागडुजी करून बघायला उघडली आहेत. एवढंच बोललो मी. गावाचं नाव सांगितलं आणि आईने चमचा खाली ठेवला.

"मला घेऊन चल," म्हणाली.

आपली आई! जिने आयुष्यात "मला काही नको" याच्यापलीकडे काही मागितलं नाही. गुडघ्यांना पट्टे बांधून संडासापर्यंत जाताना जिची दमछाक होते, ती म्हणते डोंगरावर घेऊन चल. माझी बायको म्हणाली, जा घेऊन, बिचारीला हवापालट. म्हणून काल गेलो.

फाटकापाशी तिकिटं काढली, नकाशा घेतला. लाल वाट कड्यावर गिधाडांकडे जाते, निळी वाट गावाकडे. मी नकाशा उलटासुलटा करत होतो तोवर आई निळ्या खुणांच्या दिशेने चालायलाही लागली होती. ताई, तिने नकाशा बघितलाच नाही. वाटेत एका ठिकाणी दोन फाटे फुटतात, तिथेही ती थांबली नाही. दगडी बांधांच्या मधून वर, मग ओढ्यावरची बंद पडलेली पाणचक्की, मग गाव. सगळी मिळून मूठभर घरं, दगडी पाट्यांच्या छपराची. आई सरळ तिसऱ्या घरात शिरली.

आत एक खोली मांडून ठेवली आहे. चूल, लोकर पिंजायच्या फण्या, भिंतीला लागून रुंद पलंग, आणि हे सगळं लांबूनच बघा म्हणून मध्ये बांधलेली दोरी. आईने दोरी उचलली, खालून वाकून गेली आणि पलंगावर जाऊन बसली. मी "आई, आई" करतोय तोवर हिरव्या जाकिटातली वनरक्षक बाई आत आली.

"आजी, दोरीच्या आत बसायचं नसतं."

"हे आमचं घर आहे," आई म्हणाली.

ती बाई चांगली होती. हसली, म्हणाली, बऱ्याच लोकांना तसं वाटतं, जुनं घर बघितलं की. मग तिने भिंतीवरचा फोटो दाखवला, या घरातल्या कुटुंबाचा. घरासमोर रांगेत उभे राहून काढलेला. आई उठून फोटोजवळ गेली आणि एकेकावर बोट ठेवत सांगायला लागली. "हा थोरला. ही मधली. ही माझ्या वयाची. हिचा बूट फाटका होता म्हणून तिने पाय मागे घेतलाय बघ." खरंच घेतला होता.

"मग तू कुठेस?" मी विचारलं.

"मी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"नाहीये म्हणजे नाहीये."

आणि बाहेर निघून गेली. आपली आई शहरात वाढली, लाँड्रीच्या मागच्या खोलीत, हेच ना आपल्याला माहीत आहे? तू माझ्यापेक्षा मोठी. तुला कधी काही वेगळं बोलली होती का? मला खरंच काही कळेनासं झालंय.

धाकटा

रविवार, १५ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे मिळालं असावं. मी लिहीत राहतो.

मागच्या वेळी एक गोष्ट लिहायची टाळली. आईचं डोकं ठिकाणावर नाही अशी शंका मला आली होती. म्हणून मंगळवारी तिला डॉक्टरांकडे नेलं, "गुडघे दाखवू" असं सांगून. डॉक्टरांनी तिला कागदावर घड्याळ काढायला लावलं, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. तिने काढलं, आकड्यांसकट, आणि कागद त्यांच्यापुढे सरकवून म्हणाली, "आता तुम्ही काढा." डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हिची काळजी करू नका, स्वतःची करा. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "गुडघे बरेच वर चढलेत वाटतं माझे. पार डोक्यापर्यंत."

म्हणजे तिचं डोकं ठिकाणावर आहे. मग ते घर तिचं कसं?

काल परत जायचं म्हणाली. गेलो. या वेळी ती दोरीच्या अलीकडेच उभी राहिली. वनरक्षक बाईने ओळखलं, चहा दिला. बोलता बोलता म्हणाली, "आजी, फोटोतली ती लहान मुलगी आहे ना, पाय मागे घेतलेली, ती खालच्या गावात राहते अजून. बसथांब्यासमोर. आम्हाला हे सामान कसं मांडायचं ते तिनेच सांगितलं."

आईने कप तोंडापासून खाली घेतला. "ती आहे?"

"आहे की. ठणठणीत आहे. तुम्हाला भेटायचंय?"

"नाही," आई म्हणाली. "चल रे, घरी जाऊ."

मी विचारलं, का नाही भेटायचं? म्हणाली, पाय दुखतायत. खालचं गाव वाटेवरच आहे, ताई. बसथांब्यासमोरून आमची गाडी गेली तेव्हा ती सीटवर खाली सरकली. सत्तरी उलटलेली बाई, लपली. मी आरशात बघितलं.

तुला हे सगळं का सांगतोय, तेही मला धड कळत नाही. बाबा गेले त्या दिवशी तुम्हा दोघींचं जे झालं त्यानंतर आईचं नाव काढलेलं तुला आवडणार नाही, हे मला माहीत आहे. तू विचारलं होतंस, "सहा वर्षं मला आत्याकडे का टाकलंस?" आणि ती म्हणाली होती, "तिथे तुझं काय वाईट झालं?" मी दारात उभा होतो. तू चपला घालून निघालीस ती आजतागायत. तुझ्या जागी मी असतो तर मीही निघालो असतो. पण मी तर घरातच वाढलो, माझ्यासाठीच तुला पाठवलं होतं, आजारी बाळ आणि एक खोली म्हणून. तेव्हा मी काय बोलणार.

पुढच्या आठवड्यात मी एकटा जाऊन येतो. आईला सांगणार नाही.

धाकटा

सोमवार, २३ ऑक्टोबर

ताई,

काल जाऊन आलो. आज लॅबमध्ये एका गिऱ्हाइकाचे वरचे दात खालच्या साच्यात बसवत होतो. मालकांनी विचारलं, घरी काही झालंय का? काय सांगू त्यांना.

फोटोतली ती मुलगी आता जाडजूड म्हातारी आहे. मोठ्याने बोलते, कारण तिला कमी ऐकू येतं. मी आईचं वर्णन केलं, वरच्या घराबद्दल काय म्हणाली ते सांगितलं. तिने मला बस म्हणून खुणावलं आणि स्वतः खिडकीशी उभी राहिली, पाठ करून.

"तुझी आई आमची नव्हे," म्हणाली. "आमच्याकडे पाहुणी होती."

"किती दिवस?"

"चार वर्षं."

"चार वर्षं कोणी पाहुणं असतं का?"

"नेईपर्यंत पाहुणंच की."

मग तिने सांगितलं ते असं. आईचे वडील, म्हणजे आपले आजोबा, डोंगरातल्या रस्त्याच्या कामावर होते. म्हातारीच्या घरच्या गोठ्याच्या माडीवर राहायचे. आजी नुकतीच वारली होती, बरोबर पाच वर्षांची पोर. काम दुसरीकडे सरकलं तेव्हा त्यांनी म्हातारीच्या आईला विनवलं, थंडीपुरती ठेवा, मग नेतो. थंडी गेली, दुसरी आली. आजोबा येईनात.

"पहिल्यांदा नुसती रडायची," म्हातारी म्हणाली. "मग माझ्या आईला चिकटली ती चिकटलीच. लोकर पिंजायला तिच्याजवळ, दूध काढायला तिच्याजवळ. ती हाक मारायची तर मेंढ्या यायच्या. मी मारली तर ढिम्म. माझीच आई, माझ्याच मेंढ्या, आणि मी आपली बघतेय."

मी फोटोचं विचारलं.

"फोटोवाला आला तेव्हा ती पण येऊन उभी राहिली होती, केस ओले करून, विंचरून. मी म्हटलं, ही आपली नाहीये. सगळ्यांच्या देखत. वडील म्हणाले, पोरी, तू जरा बाजूला हो. झाली बाजूला. हे तिला सांगू नकोस." मग लगेच म्हणाली, "नाहीतर सांग. तिला काय, माहीतच असणार."

चौथ्या वर्षी आजोबा आले, नवी बायको घेऊन. शहरात लाँड्रीच्या मागे खोली मिळाली होती. आई पळाली. सगळं गाव शोधत होतं. ती पाणचक्कीत जाऊन बसली होती.

"मीच सांगितलं कुठे आहे ते," म्हातारी म्हणाली.

"का?"

"माझी आई रडत होती म्हणून." मग वळून माझ्याकडे बघितलं. "नाही रे, खोटं कशाला बोलू या वयात. मला पलंगाची भिंतीकडची बाजू हवी होती. तिथे ती झोपायची. ऊब असते तिकडे."

ताई, मी निघालो तेव्हा तिने माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, "ती सुखात राहिली ना तिकडे?" मी म्हणालो, हो. मला काय माहीत. आई सुखात राहिली का, हे मी कधी कोणाला विचारलं नाही, तिला तर नाहीच.

मला आता आईला काय सांगायचं ते समजत नाही. आणि तुला हे कळल्यावर तू काय करशील तेही. तिला स्वतःला कोणाच्या तरी घरी ठेवलं होतं. मग तिने तुला कसं ठेवलं? जिला माहीत आहे, तिनेच? आधी मला वाटलं, चला, आता उलगडा झाला. घरी पोचेपर्यंत उलट जास्तच गुंता झाला. मला तिचा राग येतोय. आतापर्यंत कधी आला नव्हता, तुझ्या वतीनेसुद्धा.

धाकटा

रविवार, ५ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र नीट वाच. घाईत असशील तर बाजूला ठेव आणि मग वाच.

मी आईला सांगून टाकलं की मी जाऊन आलो. वाटलं होतं चिडेल. तिने विचारलं, "तिचे केस पांढरे झाले का?" म्हटलं, हो, सगळे. म्हणाली, "मग जाऊ."

काल त्या दोघींना घेऊन वर गेलो. वनरक्षक बाईने गाडी पार वरच्या फाटकापर्यंत नेऊ दिली. वाटभर एक पुढे, एक मागे, दोघी खिडकीबाहेरच बघत होत्या; उतरल्यावर एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता मिठ्या मारतील, रडतील. कसलं काय. म्हातारीने सुरुवातच केली, "चक्कीत लपलेलं मी सांगितलं होतं."

"माहितीये," आई म्हणाली. "दाराच्या फटीतून तुझे पाय दिसत होते. तोच फाटका बूट."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी पाहुणी."

म्हातारी दुसरीकडे बघायला लागली. मग दोघी त्या घरात गेल्या आणि चुलीवरून भांडल्या. ही म्हणे धूर खिडकीतून जायचा, ती म्हणे छपरातून. शाळेतून एक सहल आली होती, त्यांच्या बाई मुलांना सांगत होत्या की इथे पूर्वी लोक राहायचे, आणि त्या लोकांतल्या या दोघी बाजूलाच उभ्या राहून एकमेकींना खोटं पाडत होत्या. मुलं नुसती बघत होती.

परतताना म्हातारी पुढे वनरक्षक बाईबरोबर होती. मी आणि आई बांधाला धरून हळूहळू उतरत होतो. मी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं.

"आई, तुला इथे टाकून गेले होते. मग तू ताईला आत्याकडे कसं ठेवलंस?"

ती थांबली. बांधाला टेकली. मग म्हणाली, "माझी तीच चार वर्षं बरी गेली रे. दुसऱ्याच्या घरातली. घरी नेलं त्यानंतरचं विचारू नकोस. तू सारखा आजारी, मी उभी राहू शकत नव्हते, खोलीत ऊन येत नव्हतं. तिच्या आत्याकडे अंगण होतं. झाडं होती. मला वाटलं, तिला आवडेल."

मला वाटलं, तिला आवडेल. मी हे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत.

"तिला नाही आवडलं, आई."

"का?"

तिने खरंच विचारलं, ताई. उलट बोलायचं म्हणून नाही. जाणून घ्यायचं म्हणून. बाबा गेले त्या दिवशी "तिथे तुझं काय वाईट झालं" हेही तिने असंच विचारलं असेल का? मी दारात उभा राहून ऐकलं, आणि मला त्यात टोमणाच ऐकू आला. तुलाही तोच ऐकू आला. आता मला त्या दिवसाचं काहीच खात्रीने आठवत नाही.

मी म्हटलं, आत्या तिला शिवणाच्या खोलीत झोपवायची, जेवताना बोलू द्यायची नाही. मोठ्याने हसली तर कपाटाकडे तोंड करून उभी करायची. हे तू मला लहानपणी सांगितलं होतंस. आईचा चेहरा बघवेना.

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस का कधी?"

"कसं विचारू? मला घरी आणलं तेव्हा मला कोणी विचारलं असतं ना, तर मी म्हणाले असते, मला परत नेऊन सोडा. ती घरी आली तेव्हा गप्पगप्प असायची. मीही तशीच होते आल्यावर. मला वाटलं, हिला तिकडची आठवण येते. विचारलं आणि ती म्हणाली असती, मला परत जायचंय, तर?"

मग बराच वेळ आम्ही तिथेच होतो. वरून गिधाडं फिरत होती, लोक माना वर करून बघत होते. मी आईचा हात धरला होता, आणि तुझ्या बाजूने की तिच्या बाजूने, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. अजूनही येत नाही. तिने केलं ते वाईटच. पण तिने ते वाईट म्हणून केलं नाही. याचा हिशोब कसा लावायचा? तू शिकलेली आहेस, तुला लागला तर मला सांग.

तू ये असं मी म्हणत नाही. माफ कर असं तर नाहीच नाही. पण तुला हे ठाऊक नसणं मला बरं वाटेना.

धाकटा

शनिवार, १८ नोव्हेंबर

ताई,

तुला बसमध्ये बसवून आत्ताच घरी आलो आणि लगेच लिहायला बसलो. तू समोर असताना एक वाक्य धड बोलता आलं नाही, आता पानं भरतायत. माझं हे असंच.

दारात तू उभी होतीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही, खरं सांगतो. म्हटलं, कोण पाहिजे? तू म्हणालीस, "आई आहे का?" त्या आवाजावरून ओळखलं. आत जाऊन मी आईला काय सांगितलं तेही मला आठवत नाही. बायको म्हणते की मी नुसतं "आली" म्हणालो, आणि आई वाटाणे सोलत होती ते सगळे जमिनीवर.

तू स्वयंपाकघरात गेलीस आणि दार लावून घेतलंस. बरोबर केलंस. आम्ही दोघं बाहेर टीव्हीसमोर बसलो, आवाज बंद करून, मूर्खासारखे. तुझा आवाज चढला तो ऐकू आला, "सहा वर्षं!" एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आईचा आवाज काही आला नाही. एक भांडं पडलं. मी उठलो, हिने मला हाताला धरून बसवलं. मग काहीच ऐकू येईना, इतका वेळ की मला भीती वाटायला लागली. आणि मग जे ऐकू आलं त्यावरून आमच्या दोघांत अजून वाद चालू आहे. ही म्हणते तुम्ही रडत होतात. मी म्हणतो हसत होतात. कोण बरोबर?

बाहेर आलीस तेव्हा तुझे डोळे लाल होते. पण कांदाही चिरलेला होता, त्यामुळे त्यावरून काही कळेना. "निघते," म्हणालीस. आई दारापर्यंत आली नाही. वाटेत मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "काही नाही, बोललो." बसथांब्यावर विचारलं, परत येशील का? तू म्हणालीस, "बघू." आता या "बघू"चा अर्थ मी काय लावायचा?

घरी येऊन आईला विचारलं, काय बोललात? म्हणाली, "तुझं काय काम त्यात?" पत्रं मी लिहिली, डोंगर मी चढलो, म्हातारी मी शोधली, आणि माझं काय काम! पण रागही येईना.

ती आत्ता माझ्या खोलीच्या दारात येऊन गेली. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा विचारलं, "बसला जागा मिळाली का तिला?" म्हटलं, मिळाली, खिडकीची. आत्ता विचारलं, "पोचली असेल का?" म्हटलं, आई, अर्ध्या वाटेवरसुद्धा नसेल अजून. "बरं," म्हणाली आणि गेली. हॉलमध्ये खुर्ची ओढल्याचा आवाज आला, ती फोनशेजारी बसली आहे.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू केव्हाच घरी पोचलेली असशील. तरी लिहितो. पोचलीस की कळव. मला नको. तिला.

धाकटा